सीट बेल्टची खोटी क्लिप

मी एक जुनी क्लिप आहे, मित्रांनो, पण बघून तुम्हाला मी जुनी वाटणार नाही. मला गंज चढलेला नाही. मी काम केलं ते जेमतेम सात महिने, त्यामुळे माझी चकाकी अजून तशीच आहे. लांबीला मी तुमच्या बोटाएवढी. एका टोकाला लोखंडी पट्टी, तिच्या मधोमध चौकोनी भोक, दुसऱ्या टोकाला काळं रबर. गाडीत पुढे बसल्यावर आपण बेल्ट ओढून कमरेपाशी खटकन अडकवतो ना, त्या बेल्टच्या टोकाला अगदी माझ्यासारखीच पट्टी असते. तिच्यामागे बेल्ट असतो. माझ्यामागे काही नाही.

माझं काम सांगते. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, तर गाडी टिंग टिंग वाजत राहते. मला खाचेत घातलं की गाडीला वाटतं, बेल्ट लागला. ती गप्प होते. म्हणजे मी गाडीशी खोटं बोलते. माझा जन्मच त्यासाठी झाला.

मला कुठल्याशा शेडमध्ये पत्र्यातून कापलं. एका ठोक्याला एक, अशा आम्ही दिवसभर पेटीत पडत होतो. बेल्टची खरी पट्टी ओढून बघतात, ताणून बघतात, मगच गाडीत लावतात. मला कुणी ताणून पाहिलं नाही. कापताना पत्रा जरा जाड आला होता, तेही कुणी पाहिलं नाही. एकेकीला पिशवीत घालून आम्हाला पुण्याला पाठवलं.

नाना पेठेतल्या एका दुकानात मी वर्षभर आकड्याला टांगलेली होते. दुकान बद्रीनाथशेठचं. गाडीला हौसेने जे जे लावतात ते सगळं तिथे मिळायचं, आणि समोरची भिंत सारखी बदलायची. मी आले तेव्हा तिथे सीट कव्हरं होती आणि डॅशबोर्डवर ठेवायच्या अत्तराच्या बाटल्या होत्या. मग काळ्या फिल्मची भेंडोळी आली. पोलिसांनी दंड सुरू केला तशी ती आत गेली आणि मोठ्या आवाजाचे सायलेन्सर बाहेर आले. त्यानंतर पांढरे दिवे, समोरच्याला काही दिसू नये इतके प्रखर. मग गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणायच्या स्प्रिंगा, आणि रिमच्या बाहेर आलेले रुंद टायर. शेवटी शेवटी गाडीच्या आत रंग बदलणारे दिवे. पोरं मोबाइलवर कुणाची तरी गाडी दाखवायची आणि म्हणायची, "शेठ, अस्संच पाहिजे."

एकदा एक पोरगा म्हणाला, "आवाज असा द्या, की लांबून कळलं पाहिजे मी आलोय."

"कळणार की," बद्रीनाथशेठ म्हणाले. "चौकातल्या हवालदाराला सगळ्यात आधी."

पण मला न्यायला ही पोरं येत नसत. मला नेणारे लोक वेगळे असत. कपाळावर चष्मा चढवलेले, हातात कापडी पिशवी असलेले, सिग्नलला रेषेच्या आत थांबणारे गृहस्थ. ते पोरांच्या खरेदीकडे बघून मान हलवत आणि जाता जाता मला घेऊन जात.

ज्ञानदेव असेच आले. कोथरूडला राहणारे, भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी पहिली गाडी घेतली होती. बरोबर मुलगा होता, अनिरुद्ध. तो हिंजवडीला नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गाडी नटवायचा. त्याला रुंद टायर हवे होते.

"बाबा, कंपनीच्या स्टॉक टायरवर गाडी एकदम डबा दिसते."

"डबाच आहे तो. आपण त्यात बसतो. बाहेर उभं राहून बघत बसत नाही."

"तुम्ही सायलेन्सर काढायला लावला, काढला. समोरचे लाइट काढायला लावले, काढले. एवढं एक तरी."

मग ज्ञानदेवांनी दुकानात उभ्या उभ्या त्याला कारखान्यातली गोष्ट सांगितली. त्यांची हयात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून कापतात त्या खात्यात, गेली होती. तिथल्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे त्या वेळी एकही हात प्रेसखाली नसतो. पण काम लवकर उरकावं म्हणून काही कामगार एक बटण तारेने बांधून ठेवत आणि एकाच हाताने मशीन चालवत. ज्ञानदेव पकड घेऊन फिरायचे. तार दिसली की कापायचे आणि त्या माणसाला दिवसभरासाठी घरी पाठवायचे.

"माझ्या खात्यात एकाचंही बोट गेलं नाही," ते म्हणाले. "कंपनीने जे दिलंय ते विचार करून दिलेलं असतं. त्यात आपण हात घालू नये."

"बाबा, हे टायर आहेत. प्रेस नाहीये."

शेवटी टायर घ्यायचे ठरले. अनिरुद्ध मापं बघायला मागे गेला, आणि ज्ञानदेवांची नजर माझ्यावर पडली.

"हे काय असतं हो?"

"तुमच्याच कामाचं आहे साहेब. मंडईतून भाजी आणून पिशवी पुढच्या सीटवर ठेवली, की गाडी बोंबलते ना? हे घाला. नाही बोंबलणार."

"हां, हे बरं आहे," ज्ञानदेव म्हणाले आणि त्यांनी मला खिशात टाकलं.

तार ओळखणाऱ्या माणसाने मला ओळखलं नाही, मित्रांनो. त्यांच्या मनात खरोखरच फक्त भाजीची पिशवी होती. म्हणून तर मला आजही त्यांच्यावर रागावता येत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढच्या सीटवर मेथीच्या जुड्या असोत, दळणाचा डबा असो, गाडी चूप. ज्ञानदेवांनी सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना मला काढून दाखवलं, तेव्हा सोसायटीतल्या आणखी दोघांनी माझ्या बहिणी आणल्या. मला वाटलं, आपण चांगल्या घरात पडलो.

ज्ञानदेवांच्या पत्नीचं नाव शैला. ती पुढे बसणार असली, की ज्ञानदेव आधी मला काढून गिअरपाशी ठेवत आणि ती आपला बेल्ट लावत असे. तिला बेल्टची चांगली सवय होती, हे मी मुद्दाम सांगते. पण हळूहळू ज्ञानदेव मला काढायला विसरू लागले. शैलाला मी निघत नसे. तिचे सांधे दुखायचे, उजवा अंगठा सुजलेला असायचा. मी जरा जाड असल्याने खाचेत घट्ट बसायचे. ती खाचेवरचं लाल बटण दाबून बघायची, मग अंगठा चोळत बसायची.

त्यातून त्या दोघांचा एक खेळ सुरू झाला. चौक आला की शैला बेल्ट ओढून छातीवर हाताने धरून ठेवायची. लांबून बघणाऱ्या पोलिसाला वाटावं, लावलेलाच आहे.

"अहो, मामा उभेत डावीकडे."

"धर, धर. नीट धर."

"धरलाय की. साडीला मॅचिंग पण आहे."

चौक मागे पडला की ती हात सोडायची, बेल्ट सर्रकन वर जायचा आणि दोघं हसायची. पुण्यात अशी धरणारी माणसं मी त्या गाडीच्या काचेतून पुष्कळ पाहिली. सगळी चांगली माणसं होती. त्यांना भीती फक्त दंडाच्या पावतीची वाटायची.

गेल्या वर्षी गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शैलाची धाकटी बहीण हिरा बार्शीहून एसटीने स्वारगेटला येणार होती. सकाळचे अकरा वाजले होते. शैला गाडीत बसली, मला बोटांनी चाचपलं, बटण दाबलं. मी हलले नाही.

"अहो, हे काढून द्या ना. माझा अंगठा आज अजिबात चालत नाहीये."

ज्ञानदेव मागे मान वळवून गाडी पार्किंगमधून काढत होते.

"जाऊ दे गं. इथल्या इथं तर जायचंय. हिराची बस येऊन थांबेल."

शैलाने पुन्हा सांगितलं नाही. तिने पर्स मांडीवर घेतली आणि हिराला फोन लावला.

वाटेत दोन चौक लागले. दोन्ही चौकांत तिने बेल्ट हाताने धरला आणि सोडला. दुसऱ्या चौकापुढे रस्ता खणलेला होता आणि कडेची खडी रस्त्यावर पसरली होती. गल्लीतून एक स्कूटर आडवी आली. ज्ञानदेवांनी ब्रेक दाबला. गाडी खडीवरून घसरली आणि कडेला उभ्या असलेल्या टेंपोच्या मागे जाऊन आदळली. वेग फार नव्हता. स्कूटरवाल्याला काही झालं नाही. ज्ञानदेवांना त्यांच्या बेल्टने धरून ठेवलं, खांद्यावर एक निळा वळ उठला, बाकी खरचटलंसुद्धा नाही.

शैलाला कुणी धरलं नाही. मी खाचेत होते. मी गाडीला सांगत होते, बेल्ट लागलेला आहे.

संध्याकाळी दवाखान्यात ती गेली.

गाडी ओढून नेण्याआधी ज्ञानदेव एकदा गाडीपाशी आले होते. दार वाकलेलं होतं. त्यांनी आत हात घातला, लाल बटण दाबलं, मला काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. कुणी पाहिलं नाही. त्यांच्या अंगठ्याला मी एका दाबात निघाले.

पोलिसांनी कागदावर लिहिलं, की पुढच्या सीटचा बेल्ट लावलेला नव्हता. का नव्हता, ते कुणी विचारलं नाही. दहाव्याला घरी माणसं जमली होती. शैलाचे मोठे भाऊ आप्पासाहेब भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "आमच्या शैलाला त्या बेल्टची सवय नसेल. बाईमाणूस, नाही राहिलं लक्षात. पण या पोराने गाडीचं खेळणं करून ठेवलं होतं, त्याचं काय? ते टायर नसते तर गाडी घसरली नसती."

अनिरुद्ध दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याने ट्रे खाली ठेवला आणि तो आत गेला. ज्ञानदेवांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्या खिशातच होते. पण ते बोलले नाहीत. आणि त्या दिवशी बोलले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड झालं. असं जवळजवळ वर्ष गेलं.

त्या वर्षात अनिरुद्धने एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी दुरुस्त होऊन आली, ती सोसायटीत कापडाखाली उभी राहिली. त्याने टायर काढून जुने बसवले, आतले दिवे काढले, मागच्या काचेवर हौसेने लावलेलं नाव ब्लेडने खरवडलं. बसने कामाला जायचा, आल्यावर कुकर लावायचा. दोन माणसं, एक भात, एक आमटी. तो वडिलांच्या डोळ्याला डोळा देत नसे. ज्ञानदेवांना वाटायचं, याला कळलंय. त्याला वाटायचं, बाबांनी आपल्याला माफ केलेलं नाही. मी मध्ये होते आणि मला बोलता येत नव्हतं.

ज्ञानदेव शर्ट बदलत तेव्हा आधी मला नव्या शर्टाच्या खिशात घालत, मग चष्मा. मी कुणाच्या हाती लागेन म्हणून ते मला जपत होते, की स्वतःला शिक्षा म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

मग यंदाच्या ऑगस्टमध्ये अनिरुद्धच्या जुन्या ग्रुपमधून फोन आला. गाड्या नटवणारी ही पोरं-पोरी महिन्यातून एका रविवारी सकाळी जमायची. दोघा नव्या पोरांना तसलेच टायर बसवायचे होते. एकाने सुचवलं होतं, अनिरुद्धला बोलवा, त्याने दोन शब्द सांगावेत. अनिरुद्ध हो म्हणाला. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने एक कागद आणला.

"बाबा, उद्या हे वाचणार आहे. तुम्ही एकदा ऐका. नको असेल तर नाही वाचत."

"वाच."

"मी अनिरुद्ध. माझ्या हौसेनं माझ्या आईचा जीव घेतला. आईला बेल्टची सवय नव्हती, पण माझे टायर..."

"थांब," ज्ञानदेव म्हणाले.

त्यांनी मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. दुपारच्या उजेडात मी चकाकत होते.

"हे काय आहे?"

"आईच्या सीटच्या खाचेत होतं."

"कधी?"

"त्या दिवशी. त्याच्या आधीही. मीच आणलं होतं. भाजीसाठी."

अनिरुद्धने मला उचललं, उलटं-सुलटं केलं. "मग आईने काढलं का नाही?"

"तिचा अंगठा दुखत होता. तिने मला सांगितलं, काढून द्या." ज्ञानदेव थांबले. "मी म्हणालो, जाऊ दे गं, इथल्या इथं तर जायचंय."

अनिरुद्धने मला परत टेबलावर ठेवलं. मग त्याने विचारलं, "मामा बोलले तेव्हा तुम्ही तिथंच बसला होतात ना?"

"हो."

"मला बोलले ते जाऊ दे. आईला सवय नव्हती म्हणाले. ते तरी..."

"सवय होती तिला."

"मला माहितीये होती! लहानपणापासून मला ओरडत आलीये ती बेल्टवरून! वर्षभर मी विचार करतोय, की त्या दिवशी नेमकी कशी विसरली."

तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. दार आपटलं नाही, उघडंच राहिलं. ज्ञानदेव तसेच बसून राहिले. मी टेबलावर होते. त्यांनी मला परत खिशात घातलं नाही.

संध्याकाळी अनिरुद्ध आला. पाणी प्यायला. समोर बसला आणि म्हणाला, "मामांना फोन करा. आत्ता. माझ्यासमोर."

ज्ञानदेवांनी फोन लावला. आप्पासाहेबांना सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. ऐकून झाल्यावर आप्पासाहेब म्हणाले, "पोराला फोन द्या." अनिरुद्धने फोन कानाला लावला. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. अनिरुद्ध नुसता "हो मामा, हो मामा" म्हणत होता आणि डोळे पुसत होता. आप्पासाहेब ज्ञानदेवांशी त्यानंतर आजवर बोललेले नाहीत.

फोन ठेवून अनिरुद्ध म्हणाला, "उद्या तुम्हीही चला. मी माझं सांगेन. तुमचं मी सांगणार नाही."

रविवारी एका मोकळ्या मैदानात पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. खाली टेकलेल्या, रंगीत, चकचकीत. अनिरुद्ध थोडंच बोलला. रुंद टायर दिसायला छान दिसतात, खडीवर आणि पाण्यावर गाडी धरत नाहीत, मी ते माहीत असून बसवले, माझी एवढी चूक आहे, एवढंच तो म्हणाला. मग ज्ञानदेव बोलले. त्यांना भाषण येत नाही. त्यांनी मला तळहातावर धरलं आणि जे झालं ते झालं तसं सांगितलं. शैला काय म्हणाली आणि आपण काय उत्तर दिलं, हेही.

मी एकेकाच्या हातात फिरले. मागे दोन पोरं मोबाइलमध्ये बघत होती, ती बघतच राहिली. सगळेच ऐकतात असं नाही, मित्रांनो. प्रियदर्शनी नावाच्या मुलीने मात्र मला पुष्कळ वेळ धरून ठेवलं.

"काका, माझ्या गाडीत हे नाहीये. माझ्या पप्पांच्या गाडीत आहे."

"त्यांना सांग."

"ते मलाच शिकवतात. माझ्या गाडीच्या लाइटवरून रोज भांडण असतं घरात."

"मीही तेच करायचो," ज्ञानदेव म्हणाले. "तू सांग. नाही ऐकलं तर माझ्याशी बोलणं करून दे."

तिने लगेच फोन लावला. पप्पा झोपलेले होते. ती म्हणाली, "मी घरी जाऊन स्वतःच काढते."

परतताना बापलेक बसने आले. गाडी खाली उभी असूनही. बस रिकामी होती, वेगवेगळं बसता आलं असतं. अनिरुद्ध आधी खिडकीशी बसला. ज्ञानदेव थोडे पुढे जाऊ लागले, तेव्हा त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली.

मला त्यांनी अजून टाकून दिलेलं नाही. रस्त्यात पडले तर कुणीतरी उचलून पुन्हा वापरेल, याची त्यांना भीती वाटते. मलाही वाटते.

तर मित्रांनो, तुम्ही अजून गाडी चालवत नसाल, पण गाडीत बसता. आज खाली जा आणि घरच्या गाडीच्या पुढच्या सीटपाशी बघा. बेल्ट नसलेली एखादी पट्टी खाचेत बसलेली दिसली, तर ती माझी बहीण आहे. घरच्या मोठ्या माणसांना सांगायला भिऊ नका. ती माणसं वाईट नसतात. त्यांना फक्त वाटत असतं, की इथल्या इथं तर जायचंय. आणि तुम्ही मोठे झालात, स्टिअरिंग तुमच्या हाती आलं, आणि शेजारी बसलेलं कुणी म्हणालं, "हे काढून द्या ना," तर गाडी थांबवा. उत्तर देऊ नका. लाल बटणावर अंगठा ठेवून जरा जोराने दाबा. मी लगेच निघते.